घरची स्विफ्ट डिझेल घेऊन पहिल्यांदाच ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, जायचंय. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीत, पास व्हायला गाडीत काय करून घेऊ?

तू सोलापूरचाच आहेस, रोल केज (गाडीच्या आत बसवायचा नळ्यांचा पिंजरा) लागेल का आणि बाइकचं हेल्मेट चालेल का एवढंच तुला विचारायचंय, आणि शेवटी जाता जाता लिहिलंयस, 'बाकी गाडी ओके आहे, आमच्या मिस्त्रीने बघितलीय.' मी उत्तर लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. वयाने मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतोय, राग मानू नको.

मिस्त्रीने काय बघितलं? इंजिन बघितलं असणार, पिकअप बघितला असणार. स्क्रुटिनीवाल्याला तुझ्या पिकअपशी काही घेणंदेणं नाही. शर्यतीचे 402 मीटर ताणून पळवताना ह्या गाडीतून काय सुटेल, काय गळेल आणि काय पेटेल, एवढंच तो बघतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अक्कलकोट रोडला माझ्या मामांचं गॅरेज. गाडी एस्टीम, 1.3 पेट्रोल. दोन महिने रोज रात्री आम्ही तिच्यावर होतो. प्लग, क्लच प्लेट, चारी टायर नवीन. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मामांनी स्वतः सेट केले, ती मोजायचं फीलर गेज नुसतं शास्त्रापुरतं. इंजिनाला मामांसारखा हात सोलापुरात मी दुसरा बघितला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण मामांचा मुलगा रवी हे वाचणार आहे.

रात्री दोनला निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत उजाडताना पुणं, आणि तिथून पुढे डोंगरातली एक धावपट्टी. डिकीत मामींनी दिलेल्या कडक भाकऱ्या, शेंगा चटणीचा डबा, दोन चादरी, पाण्याचा कॅन आणि जॅक. शर्यतीला निघालोय की तुळजापूरला, कळू नये अशी डिकी.

रांगेत आमचा नंबर आला. तपासणारा पोरगेलासा होता, गळ्यात कार्ड, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात टॉर्च. बॉनेट उघडलं. मामा बाजूला उभे, इंजिनाबद्दल काही विचारेल म्हणून. त्याने इंजिनाकडे बघितलंही नाही. फॉर्म छपरावर ठेवला, बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली.

बॅटरी बांधली होती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने. दोन वेढे, वर गाठ. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या तशाच असतात. ट्यूब ताणली, बॅटरी एका अंगाने दोन बोटं वर आली. प्लसच्या टर्मिनलवर टोपीसुद्धा नव्हती. त्याने टॉर्च आधी त्या टर्मिनलवर मारला, मग वर उघड्या बॉनेटच्या पत्र्यावर, आणि म्हणाला, "काका, आधी ही बांधून आणा. मग बाकीचं बघतो."

मामा म्हणाले, "पंधरा वर्षं गाड्यांना ट्यूब बांधतोय, एकाची बॅटरी खड्ड्यात पडली नाही. इथं गुळगुळीत रस्त्यावर पडतीय व्हय?"

इथेच आमचं वाजलं, ते अजून वाजतंय. बॅटरी पडत नाही हे मामांचं बरोबरच आहे. पण प्रश्न पडण्याचा नाहीच. रबर ताणतं, आणि इंजिनाच्या धगीत राहून राहून आणखी सैल होतं. दहाएक किलोचा ठोकळा क्लच सोडताना मागे रेटतो आणि शेवटच्या रेषेनंतर ब्रेक दाबला की पुढे. प्लस पत्र्याला टेकायला तेवढं पुरतं. टेकला की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि टर्मिनल थेट पत्र्याला लागल्यावर मधे तोडायला कुठला फ्यूज नसतो. ठिणगीपासून हातभर अंतरावर पेट्रोलची लाइन. आत बेल्ट लावून बसलेला असणार होतो मी, मामा नव्हे.

शेजारी कोल्हापूरकडची पोरं होती. त्यांनी आपल्या पेटीतून लोखंडी पट्टी आणि दोन हूक बोल्ट काढून दिले, पैसेही घेत नव्हते. दहा मिनिटांचं काम. मामांनी हात लावला नाही. "सोलापूरचं एमएच तेरा बघितलं की ह्यांना खोड्या सुचतात," म्हणाले आणि गाडी वळवली. फी गेली. भिगवणला मासे खायला थांबलो तेव्हाही दोघं गप्प. त्यानंतर दुसऱ्यांच्या गाड्यांबरोबर मदतनीस म्हणून तीनदा जाऊन आलो, स्क्रुटिनीची रांग पाठ झाली. पण सुटायचा इशारा देणाऱ्या दिव्यांपुढे स्टार्टला स्वतः कधी उभा राहिलो नाही.

आता एमएच तेराचं. आमच्या पुढे एमएच बारा होती, पुण्याची. एक्झॉस्टलाच एस्टीमच्या निम्मे पैसे गेले असतील. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपत होतं म्हणून तिलाही मागे पाठवलं. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागून येणाऱ्याचं चाक त्याच्यावरून जातं. तो पुणेकर निमूट पॅकिंग आणायला गेला. एवढं मात्र मामांना दिसलं नाही.

तर तुझ्या स्विफ्टचं. बॅटरी कधी बदलली असशील तर बॉनेट उघड आणि बघ. दुकानदार वेगळ्या मापाची बसवतात, मूळ पट्टी बसत नाही, मग ती तशीच सोडतात किंवा फेकून देतात. दोन्ही हातांनी हलव. गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. प्लसवर टोपी हवी. चार दिवस आधी इंजिन धुऊन घे, मग रोज चालव आणि खाली पुठ्ठा टाकून ठेव. डाग कुठला ते शोध. काही जण तपासणीच्या दिवशी सकाळी फडका मारून जातात, त्याचा उपयोग नाही, रांगेत उभं राहून इंजिन गरम झालं की गळती पुन्हा दिसते. तुझ्या डिझेलला टर्बो आहे, तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांचे क्लॅम्पही बघून घे.

व्हील कप काढून टाक. नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळ, आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पान्ह्यावर उभं राहून उड्या मारणं म्हणजे आवळणं नव्हे. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढ, ती पेडलखाली अडकते. डिकी पूर्ण रिकामी, स्टेपनी आणि जॅकसकट. भाकऱ्या न्यायच्या तर न्या, पण रांगेत लागायच्या आधी उतरवा. आमचा चटणीचा डबा वळणावळणावर वाजत होता, तो आवाज अजून कानात आहे.

तुझ्यासारख्या मूळ गाडीला रोल केज सहसा लागत नाही. अमेरिकेत एनएचआरए ह्या ड्रॅग शर्यतीच्या संस्थेच्या नियमात रोल बारची (केजपेक्षा साध्या नळ्यांच्या चौकटीची) सक्ती 402 मीटरला 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लावणाऱ्या गाड्यांना असते, कारखान्यातून आल्या तशाच असलेल्या नव्या गाड्यांना त्यातही सवलत. तेवढ्या वेळात तुझी स्विफ्ट जेमतेम अर्ध्या वाटेवर असेल. हेल्मेट फुल फेसच घे. अर्धं टोपलं घालून गेलास तर मीच हाकलेन. स्नेल ह्या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या शिक्क्यात एम म्हणजे बाइकचं, एसए म्हणजे गाडीचं, ज्याची आगीसाठीही चाचणी होते. कुठलं चालेल ते त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेलं असतं, ते आधी वाच. खरं तर हे वरच लिहायला हवं होतं, माझ्या उत्तरापेक्षा ते पत्रक मोठं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट.

अजून एक. घरची गाडी आहे म्हणतोस, तर वडिलांना पॉलिसी दाखव. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. काही झालं तर क्लेम मिळणार नाही, हे त्यांना आधी कळू दे. आणि सराव म्हणून विजापूर रोडला रात्री पळवायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 त्यासाठीच आहे.

मामांच्या बाजूने एक सांगायला हवं. एस्टीमची मूळ पट्टी माझ्याकडूनच हरवली होती. बॅटरी चार्जिंगला काढली तेव्हा कुठे ठेवली, आजतागायत सापडली नाही. ट्यूब मामांनी नाइलाजाने बांधली, दोन महिन्यांत पट्टी आणायचं मला तीनदा सांगितलं होतं. तरीही त्या दिवशी कोल्हापूरच्या पोरांची पट्टी लावायला हवी होती, ह्यावर मी ठाम आहे. रवी, वाचतोयस तर मामांना वाचून दाखव.

निघायच्या आदल्या रात्री बॅटरीचा फोटो टाक इथे. ट्यूब दिसली तर पुढच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर नाही.