थीम पार्कचा वार्षिक पास घ्यावा, की रविवार कंट्री पार्कमध्ये काढावेत?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचा खर्चाचा तक्ता मिळाला. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडते. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहणारं चौघांचं कुटुंब. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. मिस्टर स्किल्ड वर्कर व्हिसावर, तुमची नोकरी अर्धवेळ. घर भाड्याचं, गाडी स्वतःची. सगळा खर्च जाऊन महिन्याला ३०० पौंड उरतात आणि बाजूला ३,००० पौंड साठलेले आहेत. व्हिसा वीस महिन्यांनी संपतो. जवळच्या थीम पार्कचा चौघांचा वार्षिक पास महिना ६५ पौंडांच्या हप्त्यावर मिळतोय, शेजारच्या दोन घरांनी तो घेतलाय आणि मुलीने हट्ट धरलाय. मिस्टर म्हणतात, वर्षभराच्या करमणुकीचा प्रश्न सुटेल. तुम्हाला ब्लॅक पार्कसारख्या कंट्री पार्कमध्ये, म्हणजे शहराजवळ फिरायला राखलेल्या मोठ्या झाडीत, भागवावंसं वाटतं, पण "मुलांना आपण चिक्कू आई-बाबा वाटू का" ही धास्ती आहे.

माझं उत्तर स्पष्ट आहे: पास या वर्षी घेऊ नका. पण का, ते नीट सांगते, कारण घरात हे मिस्टरांनाही पटायला हवं.

आधी तुमचाच तक्ता बघू. "शनिवार-रविवार बाहेर" या रकान्यात महिन्याला सरासरी ८५ पौंड आहेत. सॉफ्ट प्ले (लहान मुलांचं पैसे भरून जायचं खेळघर), मॉलमधलं खाणं, एखादा सिनेमा. म्हणजे वर्षाला १,०२० पौंड आजही जातच आहेत. मिस्टरांचा मुद्दा असा की पास घेतला की हा खर्च थांबेल. पासाचे बारा हप्ते होतात ७८० पौंड, म्हणजे वरवर फायदाच दिसतो. पण मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही त्याच थीम पार्कला गेलात तेव्हा तिकिटं सोडून ६२ पौंड खर्च झाले, असं तुम्हीच लिहिलंय. दुपारचं जेवण, दोन वेळा आईस्क्रीम, गाडी लावण्याचे पैसे आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या दुकानातलं एक खेळणं. हा खर्च पासात धरलेला नाही आणि तो प्रत्येक खेपेला होणार. वर्षात दहा खेपा धरल्या तर ६२० पौंड. एकूण १,४०० झाले. आजच्या खर्चापेक्षा ३८० पौंड जास्त, तेही उरलेल्या चाळीसेक रविवारी तुम्ही एक पेनीही खर्च करणार नाही असं गृहीत धरून.

"जितक्या वेळा जाऊ तितका पास वसूल होईल," असं घरोघरी ऐकू येतं. वीस वेळा गेलात तर पासाचा वाटा प्रत्येक खेपेला ३९ पौंडांवर येतो, हे खरं. पण वरचे ६२ तसेच राहतात आणि वर्षाचा आकडा २,०२० वर जातो. पास वसूल करण्याच्या नादात तुम्ही जास्त खर्च कराल. शिवाय मुलगा पाच वर्षांचा आहे. मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते, म्हणजे तुमच्यापैकी एकजण दर वेळी त्याला घेऊन खाली उभा राहणार. आणि तुम्ही पाठवलेल्या अटींनुसार हप्ते बारा महिने भरावेच लागतील. मध्येच नोकरीत काही झालं तरी सुटका नाही.

आता व्हिसा, जो या सगळ्याच्या मुळाशी आहे. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आकार, २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना १,०३५ आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड आहे. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांची रक्कम अर्जाबरोबरच, एकदम भरायची. कंपनी मिस्टरांचा सरचार्ज आणि अर्जाची फी भरते, बाकीच्यांची नाही, असं तुम्ही लिहिलंय. तीन वर्षांच्या मुदतवाढीला तुमचे ३,१०५ आणि दोन्ही मुलांचे मिळून ४,६५६, असे ७,७६१ पौंड नुसत्या सरचार्जचे. वीस महिन्यांत तुमच्याकडे साठणार ६,००० आणि आधीचे ३,०००, म्हणजे ९,०००. उरतात १,२३९ पौंड. तिघांच्या अर्जांची फी त्यात बसत नाही. या व्हिसावर सरकारी आधारही मिळत नाही. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, तुमच्या घरात येत नाही, तेव्हा शेजारच्या स्थायिक कुटुंबाशी तुमचा हिशेब जुळणारच नाही. त्यांना परवडतं याचा अर्थ तुम्हालाही परवडायला हवं असा नाही, आणि यात कमीपणा वाटून घेण्यासारखं तर काहीच नाही.

म्हणून कंट्री पार्क. इथे तुमच्या धास्तीबद्दल आधी बोलते, कारण पैशाइतकीच ती महत्त्वाची आहे. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलांना (स्थानिक पालिकांना) शहरांजवळ असे पार्क उभारण्याचे अधिकार मिळाले, ते शहरातल्या माणसांना लांबच्या नॅशनल पार्कपर्यंत न जाता मोकळी हवा मिळावी म्हणून. तुमच्यासारख्या शहरात राहणाऱ्या लोकांसाठीच ही सोय आहे. ब्लॅक पार्क तुमच्या घरापासून चार-पाच मैलांवर आहे. पाचशेहून अधिक एकरांचं जंगल, मध्ये तळं, मुलांसाठी साहसी खेळांचं मैदान. पाईनवूड स्टुडिओ अगदी शेजारी असल्यामुळे त्या झाडीत कित्येक चित्रपटांचं चित्रीकरण झालंय; नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा. रस्त्यापलीकडे लँगली पार्क आहे, वसंतात तिथले ऱ्होडोडेंड्रॉन बघण्यासारखे असतात. दोन्हीकडे प्रवेश मोफत, पैसे गाडी लावण्याचे.

"कंट्री पार्क" पाटी दिसली म्हणजे फुकट, असं मात्र समजू नका. रेडिंगजवळचा वेलिंग्टन कंट्री पार्क खासगी आहे आणि तिथे माणशी तिकीट पडतं. आणि फुकट पार्कसाठी लांब जाणं हाही खर्चच. ब्रिटनच्या करखात्याने २०११ मध्ये कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्यांना मैलाला ४५ पेन्स हा दर ठरवला. त्यात पेट्रोलबरोबर टायर, सर्व्हिसिंग, विमा, गाडीची घसरणारी किंमत हे सगळं धरलेलं असतं. मी घरगुती हिशेबालाही तोच वापरते. जाऊन-येऊन दहा मैलांचे साडेचार पौंड होतात. कोणाच्या सांगण्यावरून चाळीस मैलांवरचा पार्क गाठलात तर ३६. लांबचा पार्क वर्षातून एखाद्या वेळी ठीक.

तुमच्या बाबतीत एका खेपेला मी १५ पौंड धरते: गाडीचे साडेचार, पार्किंग आणि मुलांच्या हातात मिळून पाच पौंड. मुलांना हे पाच पौंड निघतानाच देऊन टाका. आईस्क्रीम घ्यायचं, की बदकांचं खाणं, की साठवून पुढच्या वेळी मोठं काही, ते त्यांनी ठरवायचं. दर दुकानासमोर "नाही" म्हणण्याची तुमची पाळी येणार नाही, आणि चिक्कू आई-बाबा ही भीती बहुतांशी त्या "नाही"मधूनच येते.

पार्किंगबद्दल एक इशारा. किती तास थांबणार ते ठरवून पैसे भरा आणि निघण्याआधी पावती तपासा. दंडाची एक नोटीस आली तर तीन सहलींचे पैसे गेले म्हणून समजा. महिन्यातून दोनदा जाणार असाल तर कौन्सिलकडे वार्षिक सीझन तिकिटाची चौकशी करा आणि त्याची किंमत चोवीस खेपांच्या पार्किंगशी ताडून बघा. उन्हाळ्यातल्या उघडिपीच्या रविवारी दहाच्या आत पोचा. नंतर जागेसाठी घिरट्या घालाव्या लागतात.

खाण्याचा डबा हा बचतीचा सगळ्यात मोठा भाग. त्यामागे करसुद्धा आहे. इथे थंड, बरोबर न्यायच्या बहुतेक खाण्यावर व्हॅट शून्य असतो, पण तेच सँडविच कॅफेत बसून खाल्लं की २० टक्के. गरम खाणं, वेफर्स, चॉकलेट, आईस्क्रीम, थंड पेयं, बाटलीतलं पाणीसुद्धा २० टक्क्यांत. म्हणून पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या आणि कॅफेतली खरेदी एखाद्या गरम कॉफीपुरती ठेवा.

पण डबा म्हणजे तुमची रविवारची सकाळ स्वयंपाकघरात गेली असं होऊ देऊ नका. हा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पत्रांत सहलींचा बेत नेमका इथेच मोडलेला दिसतो. आई दमते, मग "चला, बाहेरच खाऊ". तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे शनिवारी रात्री दोघांनी मिळून करा, किंवा तेही नको: पोळीला लोणी-चटणी लावून गुंडाळ्या, उकडलेली अंडी, काकड्या, केळी. भेळेचं सामान वेगळ्या डब्यांतून न्या आणि तिथे कालवा. चुरमुऱ्याचं पोतं घरात असतंच. भेळ कालवणं हे मिस्टरांकडे द्या. थर्मासमध्ये चहा असला की कॅफेच्या रांगेची ओढ निम्मी कमी होते. शेगडी मात्र नेऊ नका, बहुतेक पार्कांत आग पेटवायला बंदी असते.

मुलांना नुसतं "चालायला जाऊ" म्हटलंत तर दुसऱ्या खेपेला कोणी येणार नाही. मिस्टरांना पार्क कंटाळवाणा वाटतो तो याचमुळे. प्रत्येक खेपेला एक काम ठरवा. ब्लॅक पार्कमध्ये शनिवारी सकाळी नऊला पार्करन असते, पाच किलोमीटर, नाव एकदा नोंदवायचं, पैसे काही नाहीत. लेक बाबांबरोबर धावू-चालू शकते, ती लहान असल्यामुळे बाबांनी शेजारीच राहायचं. रविवारी अनेक ठिकाणी चार ते चौदा वर्षांच्या मुलांची दोन किलोमीटरची ज्युनिअर पार्करनही असते, धाकट्यासाठी ती जमेल. ऑगस्टअखेर ब्लॅकबेरी, ऑक्टोबरच्या सुट्टीत पानं आणि कॉंकर्स (हॉर्स चेस्टनटच्या झाडाच्या चकचकीत बिया) गोळा करणं. जून-जुलैमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी डबा घेऊन जा. ती वेळ मला रविवारपेक्षाही आवडते. डिसेंबरात चारला अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा. गमबूट आणि रेनकोट चॅरिटी शॉपमधून घ्या, मुलांचे पाय वर्षात वाढतातच. नेचे माजलेल्या भागात लांब पँट घाला, गवतातल्या गोचिडी चिकटतात. तळ्यात कोणालाही उतरू देऊ नका; उन्हाळ्यातही आतलं पाणी फार गार असतं.

आणि थीम पार्क? तिथे जा की! लेकीच्या वाढदिवसाच्या महिन्यात एकदा, आधी आरक्षण करून. तिकिटं आणि खाणं धरून २३० पौंड वेगळे काढा आणि तो दिवस मनापासून साजरा करा, त्या दिवशी हिशेब घरी ठेवा. लेकीला आत्ताच तारीख सांगा. नुसतं "बघू" ऐकून मुलं जास्त हिरमुसतात.

वर्षाला चोवीस पार्कखेपांचे ३६० आणि हे २३०, एकूण ५९० पौंड. आज जातात १,०२०. वर्षाला ४३० वाचतात, वीस महिन्यांत सातशेच्या वर. आज उरणारे ३०० आणि बाहेर जाणारे ८५ मिळून महिन्याला ३८५ होतात; त्यातले दर महिन्याच्या १ तारखेला ५० पौंड सहलींच्या वेगळ्या खात्यात आणि ३३५ पौंड व्हिसाच्या खात्यात, अशी स्टँडिंग ऑर्डर (बँकेने आपोआप पैसे वळवण्याची सूचना) लावा. व्हिसाचे पैसे कधीही काढता येतील अशाच बचत खात्यात ठेवा. भारतातल्या एफडीचं व्याज जास्त दिसतं म्हणून तिकडे पाठवू नका. फी पौंडांत भरायची आहे, आणि मधल्या काळात रुपया घसरला तर व्याज त्यातच जाईल.

दोन वर्षांनी, व्हिसा हातात आल्यावर आणि धाकटा उंच झाल्यावर पासाचा विचार पुन्हा करायला माझी काहीच हरकत नाही. तेव्हा तो एकरकमी घ्या, हप्त्याने नको.

एवढं करूनही तिघांच्या अर्जांच्या फीला थोडे कमी पडण्याची शक्यता आहे. म्हणून मिस्टरांनी या महिन्यातच एचआरला लेखी विचारावं: कुटुंबाचा सरचार्ज कंपनी भरते का, पूर्ण नसेल तर निम्मा, आणि तेही नसेल तर पगारातून वळती होणारं बिनव्याजी कर्ज मिळतं का. काही कंपन्या मागितल्याशिवाय देत नाहीत. भरलेले पैसे नोकरी सोडल्यास परत मागण्याची अट असेल तर तिचा मजकूर सही करण्याआधी मला पाठवा.