सतरंजी पसरली की हाका सुरू होतात

या वेळच्या पत्रांत आसनांच्या शंका थोड्या आणि घरच्या कटकटी फार आहेत. पाच पत्रांना उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

वय ४४. तीन वर्षं क्लासला जात होते, तास-सव्वा तासाचा अभ्यास सहज व्हायचा. मार्चमध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि क्लास सुटला. घरी करायला सतरंजी पसरली की हाका सुरू होतात. कधी त्यांना कूस बदलून हवी असते, कधी मुलाचा डबा, कधी गॅसवाला. पहाटे पाचला उठायचं ठरवते, पण रात्री दोनदा उठणं होतं, मग डोळाच उघडत नाही. महिन्यातून चार दिवस जमतं, बाकी नुसती चुटपुट. काय करू? (सांगली)

पहाटे पाच सोडून द्या. आधीच तुटलेली झोप आणखी तोडून केलेला अभ्यास आठवडाभर चालतो, मग पाठ धरते आणि चिडचिड वाढते. पहाटेचा आग्रह धरणाऱ्या बहुतेकांना रात्री कुणाची कूस बदलायची नव्हती!

तास-सव्वा तासाचाही नाद तूर्त नको. वीस मिनिटं, पाच स्थिती, रोज त्याच आणि त्याच क्रमाने. ‘आज काय करू’ यात पाच मिनिटं गेली की तेवढ्यात हाक येतेच.

वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधा. जेवणानंतर चार तास आणि चहा-बिस्किटानंतर तासभर गेलेला असावा, म्हणजे एकला जेवत असाल तर साडेपाचनंतर चालेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती बदलली, पाणी हवं का, लघवीला जायचंय का विचारलं, की लगेच चटईवर या. पुढची वीस मिनिटं हाक येण्याची शक्यता सगळ्यात कमी असते.

सुरुवात स्वयंपाकघरातच करा. ओट्यावर खांद्यांइतक्या अंतराने तळवे टेका, पावलं मागे नेत कंबरेतून वाका, पाठ जमिनीला समांतर आणा. खुबे बरोबर टाचांच्या वर यायला हवेत. हे ओट्याच्या आधाराचं अर्ध उत्तानासन. एक-एक मिनिट, दोनदा. रुग्णाला उचलून-सरकवून खांदे पुढे आलेले असतात, कंबर आखडलेली असते, म्हणून हे पहिलं. पाठीला पोक येत असेल तर दोष पाठीचा नाही, मांड्यांच्या मागच्या शिरा आखडल्यात. गुडघे थोडे वाकवा, पोक निघतो. छाती खाली दाबून काखा ताणण्याचा मोह मात्र टाळा, खांद्याच्या सांध्यात कळ येते ती त्याने.

मग चटईवर अधोमुख वीरासन, तीन मिनिटं. गुडघे टेकून टाचांवर बसा, पायांचे अंगठे जुळवा, गुडघे फाकवा, मांड्यांच्या मधोमध लोड लांबीत ठेवा आणि त्यावर पोट, छाती, कपाळ सोडून द्या. कपाळ टेकलंच पाहिजे. अधांतरी राहिलं तर मान ताठ राहते आणि विसावा मिळत नाही. नितंब टाचांवरून उचलले जात असतील तर मध्ये ब्लँकेटची घडी घाला. गुडघा दुखत असेल तर मांडी आणि पोटरीच्या मधल्या खोबणीत पंच्याची गुंडाळी.

तिसरं, आधाराचं सेतुबंध, तीन मिनिटं. उताणं झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला आणि वीट (कशी करायची ते पुढे डोंबिवलीच्या पत्रात) आडवी खाली सरकवा. वीट कंबरेच्या खोलगट भागाखाली गेली की दुखतं. ती त्याच्याही खाली, नितंबांच्या वरच्या चपट्या हाडाखाली हवी.

चौथं, विपरीत करणी, पाच मिनिटं. दोन ब्लँकेटांची पाच-सहा इंच उंच घडी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. भिंतीला कूस लावून घडीवर बसा आणि वळता वळता पाय वर न्या. समोरून पाय उचलायला गेलात तर भिंत दूर राहते. नितंब घडीवर टेकत नसतील तर घडी वीतभर मागे घ्या. पायांना मुंग्या आल्या की पाय वरच्या वर दुमडून मांडी घाला. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे नको. पाळीच्या दिवसांतही सोडायची रीत आहे. त्याऐवजी उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा.

शेवटी शवासन, पाच मिनिटं, डोळ्यांवर सुती रुमाल.

मध्येच हाक आली तर पडल्या पडल्या “आले” म्हणा, पण ताडकन उठू नका. पाय खाली घ्या, उजव्या कुशीवर वळा, दहा आकडे मोजा, मग उठा. पाय वर असताना एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करू नका, जिथे सोडलं तिथूनही नको. थेट शवासन करा आणि उठा. अर्धवट सुटल्याची चुटपुट त्याने बरीच कमी होते.

यातलं काहीच जमलं नाही अशा दिवशी फक्त ओट्याचं करा. कुकर बंद केल्यावर वाफ जिरायला दहा-बारा मिनिटं लागतात, त्यातली दोन पुरतात. कॅलेंडरवर त्या दिवशीही खूण करायची, लहान नाही, तेवढीच मोठी.

वाटणीवरून घरात वाद चालू आहेत. जाऊबाईंशी खटका उडाला की मी खोलीत जाऊन कपालभातीचे शंभर-दीडशे ठोके मारते. डोकं हलकं व्हायच्या ऐवजी छातीत धडधडतं, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. माझा प्राणायाम चुकतोय का? (कराड)

वेळ चुकतेय. हठयोगात कपालभाती शुद्धिक्रियांमध्ये मोजतात, ती मन निवविण्यासाठी नाही. राग आला की श्वास आधीच जलद झालेला असतो. त्यावर झपाझप ठोके मारले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. ओठांभोवतीच्या आणि बोटांच्या मुंग्याही त्याच्याच. भांडणानंतर कपालभाती आणि भस्त्रिका पूर्ण बंद. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार असेल किंवा दिवस गेले असतील तर भांडण नसतानाही नको. शांत बसूनही धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

विक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित झालं की, काय काय येतं ते पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलंय: दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. अंग थरथरत असताना डोळे मिटून बसलं की भांडणातली वाक्यंच पुन्हा ऐकू येतात. म्हणून आधी अंग, मग श्वास. भिंतीसमोर उभं राहा, तळवे खांद्यांच्या उंचीवर टेका आणि श्वास सोडत भिंत ढकला. पाच-सहा वेळा, पूर्ण जोर लावून.

मग भिंतीला पाठ टेकून बसा. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. आकडा सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं पुरे. सहा आकडे जास्त होतायत हे कसं ओळखायचं? पुढचा श्वास घोट घेतल्यासारखा, घाईने आत येतो. तसं झालं तर तीन आणि चारवर या.

त्यानंतर भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, पाच आवर्तनं. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना टेकलेले नकोत. रागात जबडा आवळलेला असतो, तो इथे सुटतो. गुंजारव खालच्या पट्टीत. शेजारच्या खोलीत ऐकू गेला तर फार मोठा झाला. डोळ्यांवर बोटांनी दाब देऊ नका.

एक योगाबाहेरचं. एकत्र कुटुंबात धाडकन लावलेल्या दाराचा अर्थ ‘रुसली’ असाच होतो आणि तुम्ही आत श्वास मोजत असताना बाहेर दुसरा अंक सुरू होतो. “दहा मिनिटांत येते” एवढं सांगून जा, आणि दहा मिनिटांत बाहेर या.

चौघांत वन बीएचके. हॉलमध्ये टीव्ही, आतल्या खोलीत मुलीचा अभ्यास. लोड, विटा, पट्टे घ्यावेत म्हटलं तर “जमिनीवर लोळायला एवढे पैसे कशाला?” असं ऐकावं लागतं. (डोंबिवली)

घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. पुढे ज्या साधनांसाठी त्यांची पद्धत जगभर ओळखली गेली, त्यांतल्या विटा, खुर्ची, ब्लँकेट या घरातल्याच वस्तू.

लोड असा करा. तीन सोलापुरी चादरी घ्या. प्रत्येकीची रुंदीत तीन पदरी घडी घाला, म्हणजे पट्टी साधारण वीस इंचांची होते. तिन्ही एकावर एक ठेवा आणि एका टोकाकडून घट्ट गुंडाळा. पहिले दोन वेढे सैल गेले तर लोड मधूनच बसतो, तेव्हा सुरुवातीला गुडघ्याने दाबत गुंडाळा. आठ-नऊ इंच जाडी येते. दोन्ही टोकांपासून चार बोटांवर नाडीने बांधा, गाठ खालच्या बाजूला. लांबी कमी पडते, म्हणून डोक्यासाठी पुढे एक उशी.

बांधकामाची एक वीट धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि जुन्या उशीच्या खोळीत शिवून टाका. नुसत्या कागदात ठेवली तर महिन्याभरात भुगा सांडतो. पट्ट्यासाठी सुती ओढणी चालते, नायलॉनची घसरते. खुर्ची चार पायांची, लोखंडी किंवा लाकडी घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय वजनाने फाकतात.

पैसे घालायचेच तर न घसरणाऱ्या चटईवर घाला. गुळगुळीत लादीवर सतरंजी टाकून त्रिकोणासन करू नका. मागचा पाय सरकला की जांघेतला स्नायू ताणतो, तो महिना-दीड महिना त्रास देतो. चटई येईपर्यंत उभ्याची आसनं अनवाणी, थेट लादीवर.

जागा सहा फूट बाय दोन फूट लागते आणि एक मोकळी भिंत. पलंग आणि कपाटाच्या मधली बोळ बहुधा तेवढीच असते. टीव्ही बंद करा म्हणू नका, ते भांडण तुम्ही हरणार. मालिका सुरू झाली की विपरीत करणीला बसा; त्या अर्ध्या तासात तुमच्याकडे कोणी बघणारही नाही.

नवरा पिऊन आला की हात उचलतो. मन खंबीर व्हायला कोणती आसनं करू? (गावाचं नाव छापू नये)

यावर आसन नाही. मार सहन करण्याची ताकद वाढवायला आम्ही काही सांगणार नाही. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५चा कायदा आहे, त्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून कोणी बाहेर काढू नये असा आदेश न्यायालयाकडून मिळू शकतो. कोणाशी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. झोप, भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर बाकी वाचकांनीही हा क्रमांक टिपून ठेवावा.

वय ६१. रोज २४ सूर्यनमस्कारांचा नेम होता. मुलाचा संसार मोडायला आलाय, त्या धावपळीत दोन महिने खंड पडला. परवा एकदम २४ घातले तर दोन दिवस अंग उचलेना. पहाटे तीनला जाग येते, तेव्हाच नमस्कार घालून टाकू का? बीपीची गोळी चालू आहे. (ठाणे)

तीनला नको. नमस्काराने अंग तापतं आणि उरलीसुरली झोपही जाते. त्या वेळी अंथरुणातच पोटऱ्यांखाली दोन उशा घ्या आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, सत्तावीसपासून उलटे मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा सत्तावीस. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.

नमस्कार घालण्याआधी, मध्ये दोन महिने गेलेत आणि बीपी आहे हे डॉक्टरांच्या कानावर घाला. मग पहिला आठवडा चारच, पुढे दर तिसऱ्या दिवशी दोन वाढवा. २४वर यायला पाच आठवड्यांहून थोडं जास्त लागेल. एक नमस्कार निदान ४० सेकंदांचा असू द्या. साष्टांगात जाताना आधी गुडघे टेका, मग छाती. थेट छाती टाकली की सगळा भार खांद्यांवर येतो, तुमचं अंग बहुधा तिथेच धरलं असेल. कुठल्याही स्थितीत श्वास कोंडू नका. गोळीमुळे वाकून उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून उत्तानासनातून वर येताना गुडघे वाकवा, हात मांड्यांवर टेकत या, डोकं सगळ्यात शेवटी उचला. भोवळ आलीच तर त्या दिवशीचे नमस्कार तिथेच थांबवा, खाली बसा आणि रक्तदाब मोजून घ्या.