दिवा विझत नाही तो लॅपटॉप

२०१२ चा आय-थ्री लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, ११ चढत नाही. विंडोजऐवजी कोणतं लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू?

आधी लॅपटॉप सुरू करून हार्ड डिस्कचा इवलासा दिवा बघा. पाच-सात मिनिटं तो पेटलेलाच राहिला, तर रखडपट्टी डिस्कची आहे. जुन्या फिरत्या डिस्कवर कितीही हलकं लिनक्स टाका, ते रांगणारच. म्हणून खर्च करायचाच तर अडीच इंची साटा एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) करा. २४० जीबी पुरते. शिवाय काढलेली जुनी डिस्क जपून ठेवलीत की सगळे फोटो-कागद त्यात जसेच्या तसे राहतात.

मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू, दोन्ही हलकी लिनक्स. मी मिंट घेईन, मेनू विंडोजच्या सवयीचा आहे म्हणून. मात्र आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा आणि वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं तपासून घ्या. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. ड्रायव्हर उतरवण्यापुरतं नेट मिळतं.

मिंट टाकलं, पण दहा टॅब उघडले की सगळं गोठतं. रॅम तर रिकामी दिसतच नाही!

‘फ्री’चा रकाना सोडा, ‘अव्हेलेबल’चा बघा. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेला वापरतं आणि गरज पडली की सोडतं. खरा खादाड ब्राउझर. डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) हलकी घेतली म्हणून वेबपानं हलकी होत नाहीत. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, झेडरॅम सुरू करा (रॅममधलाच मजकूर दाबून बसवतं), आणि टॅब चारवर आणा. तिन्ही उपाय फुकट आहेत, पण तिसरा कुणी करत नाही.

माळ्यावर १ जीबीचा ॲटम नेटबुक सापडला. चालेल?

प्रोसेसर एन२७० असेल तर तो ३२ बिटचाच. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरही नाही. अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती चालेल: गाणी ऐकायला, टिपणं लिहायला. यूट्यूबची आशा नको.

मराठी टायपिंगचं काय? जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधल्या आहेत.

इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, झालं. रोमन अक्षरांतून लिहीत असाल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमसोबत एम१७एन हा त्याचा भाषांचा जोड टाका. त्यात गमभन या मराठी टंकलेखन प्रोग्रॅमची पद्धतही आहे. श्रीलिपीच्या फाइली उघडतील, पण मजकूर अगम्य दिसेल, कारण तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. विंडोज अजून उघडतंय तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.