लग्नाचा पंचविसावा वाढदिवस बोटीवर, पण कुठल्या पैशानं?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको मिळून कृषी सेवा केंद्र चालवतात, दुकानाचा हिशोब ताईंच्या हातात. येत्या फेब्रुवारीत लग्नाला 25 वर्षं होतात, आणि दोघांनाही एकदा मोठ्या बोटीतून समुद्रावर जायचंय. दोघांपैकी कुणीही आजवर बोटीत बसलेलं नाही. तीन कोटेशन आणलीत, दोघांची मिळून. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत, चार रात्री, खिडकीची केबिन, 1,18,000 रुपये. सिंगापूरहून मलेशिया-थायलंड, चार रात्री, नुसत्या बोटीचे 1,30,000. आणि मे महिन्यात बार्सिलोनाहून भूमध्य समुद्रात सात रात्री, विमान आणि व्हिसा धरून 5,90,000, शिवाय एजंट हप्त्यांची सोय करून देतो म्हणतो. जवळ 6 लाखांची एफडी आहे, जानेवारीत मुदत संपते. ‘पंचविसाव्यासाठी’ म्हणून महिन्याला 8,000 ची आरडी दोन वर्षं भरलीय, तीही जानेवारीतच 2,05,000 च्या आसपास हातात येईल. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय, पुढच्या वर्षी बारावी. ताई लिहितात, “सगळे म्हणतात एकदाच जायचंय तर युरोपच करा. एफडी मोडू का?”

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही सहज लिहून गेलात: “मार्चमध्ये कंपन्यांना बुकिंगचे पैसे भरायला आम्ही हीच एफडी वापरतो, दिवाळीनंतर वसुली आली की पुन्हा करतो.” उत्तर या वाक्यातच आहे. ही एफडी तुमच्या नावावर असली तरी ती दुकानाची आहे. बियाणं, खत आणि औषधांचं ते खेळतं भांडवल आहे, चार महिने बँकेत विसाव्याला थांबलेलं. जानेवारीत ती रिकामी दिसते कारण खरीप अजून लांब असतो. एप्रिलमध्ये तिला हात लावून बघा, लगेच कळेल.

आकडे मांडू. मार्चमध्ये आगाऊ भरले तर सरासरी 4 टक्के सूट मिळते असं तुम्हीच लिहिलंय. 6 लाखांवर ते झाले 24,000 रुपये. एफडी सहलीत गेली तर एक तर ही सूट सोडायची, नाहीतर सीसी खात्यातून, म्हणजे दुकानासाठी बँकेनं दिलेल्या कर्जाच्या खात्यातून, उचलून भरायचे. तुमच्या सीसीचा दर 10.5 टक्के. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने 6 लाख वापरले तर व्याज 36,750. त्यात तुमची 10 लाखांची लिमिट जूनमध्ये दरवर्षी काठोकाठ भरते, म्हणजे ऐन पेरणीत उचलायला जागाच नसेल. वसुली लांबली तर पुढच्या प्रत्येक महिन्याला आणखी 5,250. आणि वसुली लांबते हे मराठवाड्यात मी कुणाला सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं सोयाबीन शेतातच सडलं आणि गावोगावच्या दुकानदारांच्या वह्यांत उधारी तशीच उभी राहिली. तुमचीही जानेवारीपर्यंत सुटली नव्हती, असं लिहिलंयत. अशा वर्षात ही 6 लाखांची एफडीच तुम्हाला तारते. ती मोडू नका.

युरोपबद्दल माझं म्हणणं एवढ्यावरच थांबत नाही. कोटेशन मे महिन्याचं आहे. भूमध्य समुद्रातला मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, तुमच्या फेब्रुवारीत तिथं थंडी आणि निघणारी जहाजंही मोजकी, म्हणून एजंटानं मे दिला. पण मेमध्ये तुमच्या दुकानात बियाण्याच्या गाड्या उतरत असतात. त्या पंधरा दिवसांत दाजींनी गल्ला कुणाच्या ताब्यात द्यायचा? आणि 5,90,000 हा शेवटचा आकडा नाही. बहुतेक परदेशी बोटींवर माणशी रोजची टीप बोटीवरच्या बिलात वेगळी लावतात, साधारण 16 ते 20 डॉलर. सात दिवस, दोन माणसं, म्हणजे वीस-पंचवीस हजार रुपये तिथंच गेले. ‘रोम’ असं कागदावर लिहिलेलं बंदर खरं म्हणजे चिविटावेक्किया. तिथून रोमला जायला तासाहून जास्त, परत यायला तेवढाच, आणि ती सहल वेगळ्या पैशाची. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी कोटेशनमध्ये धरली असली तरी बोटांचे ठसे द्यायला एक फेरी, किमान 30,000 युरोंचा आरोग्यविमा सक्तीचा. सगळं धरून मी 7 लाखांच्या वर जाते. एजंटाच्या ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या, हप्त्यांत बहुतेक वेळा रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी. तो पर्याय बाजूला ठेवा.

राहिले दोन, आणि यांच्यात निवड खरंच अवघड आहे.

सिंगापूरच्या 1,30,000 मध्ये काय नाही ते आधी बघू. विमानाचे साधारण 80,000, निघण्याआधी आणि नंतर एकेक रात्र हॉटेल 36,000, व्हिसा आणि प्रवासविमा 12,000, बोटीवरची टीप 13,000, तिथलं फिरणं, जेवणखाण, टॅक्सी 35,000. बेरीज 3,06,000. रेल्वे वगैरे धरून 3,10,000 म्हणा. विमान मुंबईहूनच पकडायला पाहिजे असं नाही. परभणीहून अजिंठा एक्स्प्रेसनं हैदराबाद तुम्हाला सोयीचं आहे आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे, दोन्हीकडचे दर काढून बघा. बोट सिंगापूरहून सुटून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे देशात दोनदा शिरायचं, त्यामुळे व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना हे तपासावं लागतं. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली पाहिजे. तुमचे पासपोर्ट अजून काढायचेच आहेत, हेही लक्षात घ्या. शिवाय चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं आणि त्या आठवड्यांत तिकडची भाडी चढतात. तुमची तारीख नेमकी त्यात अडकते.

परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आयकराची आगाऊ रक्कम, घेतो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात, आणि दर मागच्या काही बजेटांत बदलत आलाय, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर तो दिसतोय का ते नंतर बघा.

लक्षद्वीपचं गणित छोटं. 1,18,000, परभणी-मुंबई रेल्वे आणि मुंबईत एक रात्र 14,000, बेटावरची सहल आणि बोटीवरचा किरकोळ खर्च 15,000. एकूण 1,47,000. आरडीतून हे सगळं भागतं आणि 58,000 उरतात. सिंगापूरला आरडी संपून वर 1,05,000 कमी पडतात, आणि ते नेमके कुठून येणार? दुकानातून, नाहीतर मुलाच्या क्लासच्या फीमधून.

म्हणून माझा कौल लक्षद्वीपला आहे. पण त्यातले दोष सांगितल्याशिवाय तो देणं बरोबर नाही. मुंबईहून आजवर हा प्रवास करत आलेली बोट आजच्या मोठ्या परदेशी बोटींच्या मानानं लहान आणि जुनी आहे, 1990 साली बांधलेली. तुमच्या मनात ती वीस मजली, आत बाजार आणि घसरगुंड्या असलेली बोट असेल, जी मुलीनं रील्समध्ये दाखवली, तर ही बघून थोडा हिरमोड होईल. दुसरं, लक्षद्वीपला मोठी बोट बेटाला लागत नाही. लांब नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून माणसं नेतात. समुद्र खवळलेला असला तर कप्तान उतरवतच नाही. माझ्याकडे येणारं उदगीरचं एक जोडपं असंच बेट लांबून बघून परत आलं. करारात तसं लिहिलेलं असतं, भाड्यातलं काही परत मिळत नाही, फार तर बंदराचे शुल्क. फेब्रुवारीत तिकडचं पाणी बरंच शांत असतं, म्हणून तुमची तारीख चांगली आहे, पण खात्री कुणी देऊ शकत नाही. तिसरं, दाजींच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंयत. हलत्या होडीत पाय टाकून उतरायचं असतं, कर्मचारी दोन्ही हात धरतात, तरी गुडघा वाकवावा लागतोच. त्यांना आधी सांगा, आणि नाहीच जमलं तर ते डेकवर बसतील हे आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी वाद नको.

एवढे दोष सांगूनही पहिल्या वेळेला मी तिथंच का पाठवते? कारण तुम्ही लिहिलंय, “अंबाजोगाईच्या घाटात मला बसमध्ये मळमळतं.” मी स्वतः पहिल्यांदा मुंबईहूनच गेले होते. पहिली रात्र काही कळलं नाही. दुसऱ्या रात्री जेवताना बघितलं तर ग्लासातलं पाणी एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. आमचे हे ताटावरून उठले आणि केबिनमध्ये आडवे झाले. केबिन सांभाळणारा मुलगा हिरवं सफरचंद आणि आल्याचे तुकडे घेऊन आला, म्हणाला, हळूहळू चावा आणि खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघा. सकाळी ते उठून चहाला आले. चार रात्रींची सहल होती म्हणून ते हसण्यावारी गेलं. सात रात्री, परका देश आणि 7 लाख रुपये असते तर तीच रात्र कशी गेली असती याचा विचार करा. समुद्र तुमच्या अंगाला मानवतो की नाही, हे दीड लाखात कळलेलं बरं. मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच बरोबर घ्या.

‘एकदाच जायचंय’ हे लोकांचं वाक्य मला पटत नाही. तुम्ही अजून पन्नाशीलाही पोचला नाहीत. समुद्र आवडला तर उरलेले 58,000 बाजूला ठेवून तीच 8,000 ची आरडी पुढं चालू ठेवा. तिसऱ्या वर्षी सिंगापूर दुकानाला हात न लावता होतं, तोवर धाकट्याचं बारावी आणि नीटही उरकलेलं असेल.

आता बुकिंग. आरडी जानेवारीत सुटणार आणि तिकीट मात्र आधी काढलेलं स्वस्त पडतं, त्यामुळे आगाऊ रकमेसाठी आरडी मोडू नका. बचत खात्यातून तेवढी भरा आणि बाकी जानेवारीत द्या, पण बाकी भरण्याची शेवटची तारीख आरडीच्या तारखेनंतरची आहे हे एजंटाकडून लेखी घ्या. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पोर्ट चार्जेस आणि जीएसटी वेगळे’ असं आहे का ते बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती ओळ कापली गेलीय. एजंट 14,000 चं ड्रिंक्स पॅकेज ‘फुकट’ देतोय असं लिहिलंयत. दाजी माळकरी आहेत, तुम्हीही घेत नाही. ते काढून भाडं कमी करून मागा, मिळतं का बघा. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार, हेही विचारा, शेवटच्या दिवसांत बहुधा सगळेच जातात. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो कंपनी काढून देणार की तुम्ही, हे आधी स्पष्ट करा आणि आधारमधलं नाव तिकिटावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा.

वंदे भारत परभणीहून सकाळी निघून दुपारी मुंबईला पोचते, पण त्याच दिवशी बोट पकडायचा हट्ट धरू नका. बोटीचं चेक-इन ठरलेल्या वेळेला बंद होतं आणि बोट कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी जा, फोर्टात किंवा सीएसएमटीजवळ मुक्काम करा, सकाळी बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळ आहे. बोटीत शिरल्याबरोबर दोघांचे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. खोल समुद्रात फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटला तर एका व्हिडिओ कॉलचं बिल हजारांत येऊ शकतं. लातूरला मुलाला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस आईचा फोन लागणार नाही.

आणि केबिन निवडताना एजंटाकडून डेकचा नकाशा मागवा. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या, तिथं हलणं सगळ्यात कमी. टोकाची किंवा वरची स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.