वाचक विचारतात: उलट्या चढणाऱ्या गाड्या आणि भलतीकडंच उभ्या पाट्या

यावेळी रस्त्यावरची पत्रं जास्त आली, म्हणून सगळं पानच त्यांना दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही, प्रश्नच तसा आहे.

प्रश्न: नमस्कार साहेब. आमचं गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधी, हायवेच्या पूर्वेला. नाव छापू नका, आधीच पंचायतीत दोन पार्ट्या हायत. आमच्या क्रॉसला हायवे ब्रिजवरनं जातो आणि गावचा रस्ता ब्रिजखालनं. चिकोडीकडनं येणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना कोल्हापूरला जायचं असतंय, त्या ब्रिजखालनं पलीकडं जायचं सोडून अलीकडंच उजवीकडं सर्व्हिस रोडला वळत्यात आणि पुढं पहिली जी वाट दिसते तिथनं हायवेवर चढत्यात. ती वाट म्हणजे कोल्हापूरकडनं येणाऱ्या गाड्यांची खाली उतरायची जागा! म्हणजे गडी उलटाच हायवेवर. रात्री तर विचारू नका. कोल्हापूरची पाटी हाय, पण ब्रिजच्या पलीकडं. नो एन्ट्रीची एक गोल पाटी हाय, तिच्यापुढं कायम कुणाचातरी वाढदिवस असतोय. आम्ही अर्ज द्यायचं म्हणतोय, अजून चार नो एन्ट्रीच्या पाट्या मागायच्या. बरोबर हाय का?

उत्तर: दादा, चार पाट्या मागू नका. म्हणजे मागा, पण नंतर. आधी एक काम करा, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला चिकोडीच्या बाजूनं मोटरसायकलवर या, अगदी पाहुणा आल्यासारखे, आणि क्रॉसच्या अलीकडं थांबून नुसतं बघा की कोल्हापूर कुठं हे तुम्हाला कोण सांगतंय. कुणीच सांगत नसणार. माणसाला एवढंच ठाऊक असतं की कोल्हापूर उत्तरेला, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, आणि उजव्या हाताला एक चांगला डांबरी सर्व्हिस रोड दिसतोय, मग तो वळणारच की! पलीकडं जाऊन मग उजवीकडं वळायचं हे गावच्या माणसाला पाठ असतं, बाहेरच्याला नसतं.

आणि खरी गोम पुढं आहे. हायवेवरनं उतरायची वाट तिरकी काढलेली असते, म्हणजे कोल्हापूरकडनं येणाऱ्याला हळूच डावीकडं सरकून खाली येता यावं. पण तीच वाट उलट्या बाजूनं बघा. सर्व्हिस रोडनं उत्तरेकडं चाललेल्या माणसाला ती समोर, जरा डावीकडं, सरळ हायवेत मिसळणारी दिसते. कुठं काटकोनात वळायला नको, कुठं ब्रेक मारायला नको. चढायच्या वाटेत आणि उतरायच्या वाटेत आकाराचा फरक फारसा नसतोच, फरक फक्त गाड्या कुठल्या दिशेनं जातात एवढाच, आणि रात्री रस्ता रिकामा असला की तोही कळत नाही. म्हणून ‘लोकांना अक्कल नाही’ म्हणून सोडून देऊ नका. राँग साइड जाणाऱ्यांत दोन जाती असतात, एक चुकलेला आणि एक निगरगट्ट. पाटी फक्त चुकलेल्याच्या कामाची. तुमच्या क्रॉसला बहुतेक चुकलेलेच दिसतायत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, कारण चुकलेला सुधारतो. आणि हे किरकोळ समजू नका, २०२२ सालच्या केंद्र सरकारच्या अहवालात देशभर रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यातली साधारण ५ टक्के राँग साइडच्या खात्यावर.

तर अर्जात पहिली मागणी नो एन्ट्रीची नाही, दिशा दाखवणाऱ्या मोठ्या बोर्डाची. तो सर्व्हिस रोडच्या अलीकडं, गाडीचा स्पीड कमी करायला वेळ मिळेल इतका आधी पाहिजे, आणि त्याच्यावर नकाशासारखं चित्र पाहिजे: सरळ ब्रिजखालनं पलीकडं, मग उजवीकडं कोल्हापूर, निपाणी. अलीकडं डावीकडं बेळगाव. नुसतं ‘कोल्हापूर’ आणि एक बाण असला की प्रत्येकजण त्या बाणाचा आपल्याला पाहिजे तो अर्थ काढतो. आत्ताची तुमची पाटी पलीकडं आहे, म्हणजे जेवण उरकल्यावर मीठ वाढल्यासारखं झालं. जायचं कुठनं हे आधी सांगा, मग जायचं नाही कुठनं हे सांगायची अर्धी गरज उरत नाही.

आता नो एन्ट्री. लाल गोल आणि मधी पांढरी आडवी पट्टी, ही पाटी त्या उतरायच्या वाटेच्या तोंडाला दोन्ही बाजूंना पाहिजे, एकीला ट्रक आडवा आला तरी दुसरी दिसावी म्हणून. आणि तिचं तोंड कुणाकडं आहे ते बघा! आपल्याकडं खांब ठोकणारा माणूस पाटी रस्त्याला समांतर बसवून मोकळा होतो, मग ती हायवेवरनं बरोबर उतरणाऱ्यालाच दिसते, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो, आणि उलटा येणाऱ्याला दिसते ती पाटीची पत्र्याची कड. पाटी चुकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पाहिजे, त्याच्या हेडलाइटच्या झोतात.

झोतावरनं आठवलं, पाटी चमकते का ते स्वस्तात तपासता येतं. अंधारात पन्नासेक पावलं मागं या, मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ डोळ्याच्या रेषेत धरा आणि पाटीवर मारा. पाटीवर रिफ्लेक्टिव्ह शीट असली तर झळकन उजेड परत येतो. नुसता ऑइलपेंट असला किंवा शीट मेली असली तर काळपट ठिपका दिसतो, आणि मग दिवसा ती पाटी कितीही लालभडक दिसू दे, रात्री ती नाहीच असं धरून चाला. याचा फोटो काढून अर्जाला जोडा, फोटोपुढं साहेब लोक फार वाद घालत नाहीत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियानं हायवेच्या रॅम्पवरच्या अशा पाट्या मुद्दाम खाली बसवल्या, कारण लो बीमचा उजेड खालीच पडतो आणि पिऊन चालवणाऱ्याची नजरही लांब जात नाही, गाडीपुढच्या रस्त्यावरच असते. विचार झकास आहे, पण आपल्याकडं खाली बसवलेली पाटी पावसाळा संपायच्या आत काँग्रेस गवतात जाणार, नाहीतर तिच्यापुढं कुणीतरी टेम्पो लावणार. म्हणून आपण पाटी नेहमीच्या उंचीलाच मागावी आणि खालचं काम रस्त्यावरच्या पट्ट्यांकडनं करून घ्यावं. उतरायच्या वाटेवर थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवून रस्त्यावर बसवायच्या जाड थराचे, मोठे पांढरे बाण, टोक उलट्या येणाऱ्याकडं केलेले. साधा रंग नको, तो उसाच्या ट्रॉल्यांखाली एका सीझनमधी जातो. त्या वाटेचं तोंड वाजवीपेक्षा रुंद असतं, तिथं तिरके पट्टे मारून आणि वाकणारे प्लास्टिकचे पोस्ट लावून ते जरा आवळायला सांगा, म्हणजे उतरणाऱ्याला अडचण नाही पण उलट्या जाणाऱ्याला स्टेअरिंग फिरवावं लागेल आणि ‘हे काहीतरी चुकतंय’ असं त्याच्या हाताला कळेल. माझ्या मते ह्या आवळण्याचा फायदा चार जादा पाट्यांपेक्षा जास्त. एका खांबावर पाच पाट्या असल्या की माणूस एकही वाचत नाही, तेव्हा जुन्या, वाकलेल्या, ‘काम चालू आहे’वाल्या पाट्या काढा हेसुद्धा अर्जात घाला. सहापदरीचं काम निघाल्यापासून डायव्हर्जनचे बाण जागोजागी उरलेत, काम संपलं तरी बाण तिथंच, तेही माणसाला भलतीकडं नेतात.

भाषेचा प्रश्न तुम्ही काढला नाहीत, पण दुसऱ्या तिघांनी काढलाय. बोर्डवर कुठली भाषा हा आपल्या भागातला कायमचा वाद, आणि त्यात मला मत नाही असं नाही, पण ते वेगळ्या अंकात. नो एन्ट्रीच्या गोलाला भाषा नसते. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा, चौकोन म्हणजे माहिती, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ मधी, म्हणजे पाट्यांच्या नियमावलीत, देशभरासाठी ठरवून दिलंय, ते एमएच ०९ वाल्यालाही लागू आणि केए २३ वाल्यालाही. आपला अर्ज भाषेच्या भांडणात अडकू देऊ नका, नाहीतर फाइल तिथंच बसेल.

अर्ज कुठं द्यायचा? हायवे आणि त्याचा सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं, तेव्हा त्यांना. १०३३ हा हायवेचा हेल्पलाइन नंबर, तिथं तक्रार नोंदवून नंबर घ्या आणि तो अर्जात लिहा. गावचा रस्ता पीडब्ल्यूडीचा असला तर दिशेचा बोर्ड त्यांच्या हद्दीत येणार, म्हणून एक कॉपी त्यांना, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतील. तिसरी कॉपी डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावानं. आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, दोन पार्ट्या असल्या तरी ह्या विषयावर सही करायला कुणाची ना नसावी. जमलं तर कायद्याचं एक कलमही लिहा: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं माणूस मेला किंवा अपंग झाला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. एक लाख म्हणजे त्यांना काहीच नाही, पण कलम बघितलं की टिपणी जरा लवकर लिहितात.

प्रश्न: आमचं तरुण मंडळ स्वतःच्या खर्चानं पाटी लावायला तयार आहे. बोर्डवर मंडळाचं नाव घातलं तर चालेल का? (खानापूर तालुका)

उत्तर: हौस चांगली आहे, पण नको. ट्रॅफिकची पाटी सरकारनं किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या खात्यानंच लावायची, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मधी तसं स्पष्ट आहे. उद्या तुमच्या पाटीमुळं कुणी भलतीकडं वळला तर निस्तरणार कोण? त्याऐवजी असलेल्या पाट्यांपुढच्या फांद्या तोडा, पाट्या पुसा, रात्रीचे फोटो काढा. आणि मंडळाचे फ्लेक्स! त्याच कलमात ट्रॅफिकची पाटी झाकणारी जाहिरात पोलिसांना काढता येईल अशी तरतूद आहे. सण आला की निम्म्या पाट्या शुभेच्छांच्या मागं जातात, तेव्हा सुरुवात आपल्याच फ्लेक्सपासून केली तर मंडळाचं नाव आपोआप होईल.

प्रश्न: उसाचे ट्रॅक्टर सर्रास राँग साइड यायल्यात, दोन-दोन ट्रॉल्या लावून. तिथं ते टायर फाडणारे खिळे का बसवत नाहीत? (हुक्केरी)

उत्तर: हे ते निगरगट्टवाले, पाटीनं ऐकत नाहीत. पण ट्रॅक्टरवाल्याचं गणितही बघा, पलीकडं जायला डिव्हायडर फोडलेला नाही, पुढचा अंडरपास लांब, डिझेल त्याच्या खिशातलं आणि कारखान्यावर नंबर लागायचाय. म्हणून तो उलटा निघतो. त्याच्यासाठी सर्व्हिस रोड मधीच तुटलेला असतो तो जोडणं हा खरा उपाय, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या गेटवर ट्रॉलीला मागनं-पुढनं रिफ्लेक्टर असल्याशिवाय आत घ्यायचं नाही असा नियम. दंडही आहेच, गाड्यांच्या प्रवाहाविरुद्ध चालवणं २०१९ पासून कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग धरलं जातं, पहिल्यांदाच १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

खिळ्यांचं म्हणाल तर पुण्यात २०१८ साली एका टाऊनशिपमधी बसवले होते, पोलिसांनीच आक्षेप घेतला. बरोबर दिशेनं आलेल्या चाकाखाली खिळा दबायला पाहिजे, पण वाळू-खडी अडकली की तो वरच राहतो आणि मग बरोबर दिशेनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा निकाल. ॲम्ब्युलन्सला कधी उलटं यावं लागलं तर? नकोच ते.

प्रश्न: रात्री कोल्हापूरहून येताना समोरून उलटी गाडी आली तर काय करावं? (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर: इथंही तेच दोन प्रकार. चुकून चढलेला माणूस आपण साध्या दुपदरी रस्त्यावर आहोत असं समजून आपली डावी बाजू धरतो, म्हणजे तुमची डिव्हायडरजवळची लेन, जिथं सगळे जोरात असतात. मुद्दाम उलटा येणारा मात्र कडेनं, तुमच्या डाव्या बाजूला येतो, बऱ्याचदा लाइट बंद करून. म्हणून रात्री डिव्हायडरला चिकटून पळवू नका, मधल्या किंवा डाव्या लेननं जा, आणि क्रॉस किंवा अंडरपास जवळ आला की कडेवर नजर ठेवून स्पीड कमी करा. समोर लाइट दिसले तर डिपर मारा, ब्रेक दाबा, एकदम बाजूला झटका देऊ नका, मागनं ट्रक असतोच. तुम्हीच चुकून उलटे चढलात असं लक्षात आलं तर तिथंच यू टर्न मारायला जाऊ नका, जवळच्या कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, माणसं खाली उतरवून डांबरापासनं लांब उभी करा आणि ११२ ला फोन लावून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.