चार्ल्स मार्टेल ‘अनौरस’ की ‘दासीपुत्र’?

प्रश्न असा आहे: फ्रँक लोकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल (मृत्यू 741) याला एका मराठी लेखात आधी ‘अनौरस’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘दासीपुत्र’ म्हटलं आहे. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘लेकावळा’ (बटकीपासून झालेला मुलगा) चालेल का?

माझ्या मते तिन्ही नकोत.

‘दासीपुत्र’ तर सरळ चूक आहे. त्यासाठी आई दासी असावी लागते. मार्टेलची आई अल्पैदा हिच्याबद्दल जुना बखरकार सांगतो की, मार्टेलचा बाप पिपिन याने ही दुसरी बायको केली, ती कुलीन आणि देखणी होती. (हा मजकूर मार्टेलच्या भावाच्या देखरेखीखाली लिहिला गेला, तेव्हा विशेषणं जरा बेतानंच घ्यावीत.) हा शब्द जिथे चपखल बसतो असा प्रसंग त्याआधी दीडशे वर्षांचा आहे. फ्रँक राजा गुंट्राम याची राणी ऑस्ट्रेकिल्ड मूळची दुसऱ्याच्या घरातली बटीक. राजावर चिडलेला सॅजिटेरियस नावाचा बिशप बोलत सुटला की, हिच्या पोरांना गादी मिळूच शकत नाही. त्याच्या तोंडी ‘दासीपुत्र’ खुशाल घालावा. पण हे नोंदवणारा तूरचा बिशप ग्रेगरी तिथेच त्याला खोडून काढतो: आई कुठल्या कुळातली हे आता बघत नाहीत, राजापासून झालेली सगळी मुलं राजाचीच म्हणवतात.

ग्रेगरीचं हे म्हणणं ‘अनौरस’ शब्दालाच अडचणीत आणतं. ‘औरस’ हा उरस् म्हणजे छाती यावरून आला. त्यामुळे ‘स्वतःच्या रक्ताचा’ एवढाच अर्थ वाटतो, पण मनुस्मृतीची व्याख्या त्याहून कडक आहे: संस्कारपूर्वक लग्न झालेल्या स्वतःच्या पत्नीच्या ठिकाणी स्वतः जन्माला घातलेला तो औरस. म्हणजे ‘अनौरस’ म्हटलं की मराठी वाचक दोन गोष्टी एकदम गृहीत धरतो: आईबापांचं लग्न नव्हतं, आणि म्हणून वारसा नव्हता. फ्रँकांच्या मेरोव्हिंजियन राजघराण्यात यातली दुसरी लागूच होत नाही. 511 मध्ये या घराण्यातला राजा क्लोव्हिस वारला तेव्हा राज्याचे चार वाटे झाले. थोरला थ्युडरिक लग्नाआधीच्या बाईचा, बाकीचे तिघे क्लोटिल्ड राणीचे. थ्युडरिकला वाटा मिळाला, आणि तोही घसघशीत.

आता मार्टेल. 714 मध्ये पिपिन वारला, तेव्हा त्याची बायको प्लेक्ट्रूड हिने मार्टेलला कैदेत टाकलं आणि नातू थ्युडोआल्डला पुढे केलं. बहुतेक लेखांत याचं कारण ‘मार्टेल अनौरस होता म्हणून’ असं ठोकून दिलेलं असतं. गंमत अशी की हा थ्युडोआल्डच प्लेक्ट्रूडच्या मुलाला एका रखेलीपासून झालेला होता, आणि फ्रँकांची तत्कालीन बखर तसं स्पष्ट म्हणते. तेव्हा जन्माचा डाग हा मुद्दाच नव्हता. नातू आपल्या रक्ताचा आणि मार्टेल सवतीचा, एवढं साधं हे भांडण. मार्टेल कैदेतून निसटला, 717 मध्ये व्हँसीची लढाई जिंकली आणि कोलोनला जाऊन प्लेक्ट्रूडकडून बापाचा खजिना काढून घेतला.

काळ पुढे सरकला की मात्र ‘अनौरस’ बिनधास्त वापरावा. 786 मध्ये पोपच्या दूतांनी इंग्लंडमध्ये नियम केला की, व्यभिचारातून जन्मलेला राजा निवडू नये. 817 मध्ये फ्रँक सम्राट पुण्यशील लुईने साम्राज्याच्या वाटणीचं फर्मान काढलं. त्यात म्हटलं आहे की, धाकट्या भावांपैकी कुणी धर्मपत्नीची मुलं मागे न ठेवता गेला तर त्याची सत्ता थोरल्या भावाकडे जावी. रखेलीची मुलं असतील तर त्यांच्याशी दयेनं वागावं. वारसा नाही, दया! पुढे लुईचा नातू राजा दुसरा लोथार याने धर्मपत्नी थ्यूटबेर्गाला सोडून वाल्ड्राडाला राणी करायची खटपट केली, कारण तिचा मुलगा ह्यूगो त्याला वारस हवा होता. पोप पहिला निकोलस बधला नाही. 869 मध्ये लोथार वारला आणि पुढच्याच वर्षी काकांनी त्याचं राज्य वाटून घेतलं. ह्यूगोला 885 मध्ये आंधळं करून मठात टाकलं. तिथे ‘अनौरस’ याच शब्दावर राज्य बुडालं आहे, तो टाळून चालणारच नाही. नियम झाला तरी नड आली की तो बाजूला ठेवत, हेही खरं: 887 मध्ये पूर्व फ्रँकांनी आर्नुल्फला राजा केलं, तो अनौरस असूनही.

‘लेकावळा’ शब्द मला आवडतो. मराठेशाहीच्या कागदांतला अस्सल शब्द. पण तो इथला वाडा, इथली बटीक आणि इथली जात सोबत घेऊन येतो. ‘अकरमाशी’चंही तसंच: बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी, असा हिणकसपणाचा हिशेब त्यात आहे. फ्रँक राजपुत्राला ही लेबलं लावली की वाचक युरोपात राहत नाही.

मार्टेलसाठी आपल्याकडे साधा शब्द आहेच: सावत्र. तो आईच्या लग्नाबद्दल काही निकाल देत नाही आणि प्लेक्ट्रूडचं वैर मात्र नेमकं सांगतो. लेखातलं वाक्य मी असं करीन: ‘पिपिनच्या मृत्यूनंतर प्लेक्ट्रूडने आपला सावत्र मुलगा चार्ल्स याला कैदेत टाकलं.’ पुढच्या इतिहासकारांनी त्याला अनौरस ठरवलं, हे सांगायचं असेल तर ते त्यांच्या नावावर, वेगळ्या वाक्यात.