एकच पॅनेल घ्या, तेही हप्त्याशिवाय

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरचं पत्र आलंय. लग्नांची शूटिंग आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ अशी दोन्ही कामं ते करतात. शूटिंगच्या उजेडासाठी रंग बदलता येणारी दोन एलईडी पॅनेल, म्हणजे चपटे दिवे, त्यांना घ्यायची आहेत. एकाची किंमत 34,000 रुपये. दोन्हींचे स्टँड, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारं कापडी आवरण) आणि बॅटऱ्या मिळून आणखी 14,000, म्हणजे एकूण 82,000. दुकानदार बारा 'बिनव्याजी' हप्ते करून द्यायला तयार आहे. दुसरा मार्ग म्हणजे आईची एक लाखाची एफडी मोडणं. काय करू, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, तुम्ही आकडे मोकळेपणाने लिहिलेत म्हणून नेमकं सांगता येतंय. नोव्हेंबर ते जून भाडं-मजुरी वजा जाता 3,60,000 रुपये, म्हणजे महिन्याला 45,000. जुलै ते ऑक्टोबर चार महिने मिळून फक्त 28,000. घरखर्च महिन्याला 22,000. कॅमेऱ्याचा 5,200 चा हप्ता मार्चपर्यंत. बँकेत 46,000.

तुमच्या धंद्यात लग्नं आठ महिने असतात आणि हप्ता बारा महिने असतो. चातुर्मासात घर चालवायला 88,000 लागतात आणि येतात 28,000, म्हणजे 60,000 ची तूट. ती तुम्ही दरवर्षी सीझनच्या शिलकीतून भरता. त्यात पॅनेलचे 6,833 रुपयांचे चार हप्ते आले, की तूट 87,000 वर जाते. गेल्या वर्षीसारखा सीझन गेला तर हेही निभेल. पण आपल्याकडे लग्नाचं बजेट ठरतं कापसाच्या भावावर आणि केळीच्या घडावर. रावेर-यावलकडे वादळात बागा आडव्या झाल्या, की त्या घरांत आधी व्हिडिओवाल्याचं पॅकेज छोटं होतं. हप्ता छोटा होत नाही.

'बिनव्याजी' या शब्दावर फार विसंबू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. व्याज किमतीत मुरवलेलं असतं, किंवा रोखीवर मिळणारी सूट तुमच्या हातून जाते. वर प्रोसेसिंग फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: आज सगळे पैसे दिले तर कितीला?

आता पॅनेल कमावतं किती ते बघू. गेल्या वर्षी 21 दिवस तुम्ही जळगावहून दोन पॅनेल भाड्याने आणलीत. दिवसाचं भाडं 1,600 आणि जाण्यायेण्याचे 400. यातले 13 दिवस गाण्यांचे होते आणि तो खर्च निर्मात्याने वेगळा दिला. तुमच्या खिशातून गेले ते हळदीच्या 8 दिवसांचे 16,000. हळदीला दुसरं पॅनेल बहुतेक वेळा कोपऱ्यात उभं असतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पहिल्या पॅनेलने हे 16,000 वाचतील, आणि गाण्यांच्या दिवशी त्याचं 800 रुपये भाडं निर्मात्याकडून घेतलंत तर 10,400 येतील. वर्षाला 26,400. स्टँड-बॅटरीसकट ते 41,000 ला पडतं, म्हणजे दीड वर्षात फिटतं. दुसरं पॅनेलही 41,000 चंच, पण कमावणार फक्त 10,400. ते फिटायला जवळपास चार वर्षं लागतील. म्हणून एकच घ्या. गाण्याच्या दिवशी दुसरं भाड्याने आणा.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत घरखर्च आणि कॅमेऱ्याचा हप्ता जाऊन महिन्याला 17,800 उरतात. त्यातले 14,000 बाजूला टाका. फेब्रुवारीअखेर 42,000 जमतील आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासच्या लग्नांना पॅनेल हातात असेल. बँकेतल्या 46,000 ना हात लावू नका, ते पावसाळ्याचे आहेत. एप्रिलपासून कॅमेऱ्याचा हप्ताही संपतोय, मग जूनपर्यंत त्यात आणखी 69,000 पडू शकतील.

एफडी मोडायची नाही. मुदतीआधी मोडल्याचा दंड किरकोळ असतो, माझी हरकत त्यासाठी नाही. तुमच्या घरात अडीअडचणीला हात घालायला तेवढीच एक जागा आहे, आणि ती आईच्या नावावर आहे. अगदीच निकड आली तर एफडीवर कर्ज मिळतं, साधारण ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त व्याजाने.

'टॅक्स वाचेल' असं दुकानदार म्हणाला, तो मुद्दा तुम्हाला लागू नाही. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच भरावा लागत नाही. जीएसटी नोंदणी नसल्याने बिलातला कर परत मिळणार नाही, म्हणजे पावतीवरचा आकडा हीच तुमची पूर्ण किंमत.

फक्त लग्नंच करत असतात तर मी साधं बायकलर पॅनेल सुचवलं असतं. बल्बच्या पिवळसर 3200 केल्विनपासून (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) दिवसाच्या 5600 पर्यंत गेलं, की हळदीचं काम भागतं, आणि तेवढ्याच वॅटमध्ये उजेडही सहसा जास्त मिळतो. पूर्ण रंगांची गरज गाण्यांना आहे, आणि ते 10,400 तिथूनच येणार आहेत. म्हणून रंगीत घ्या. पण खोक्यावरच्या सीआरआय 95 वर, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याच्या आकड्यावर, समाधान मानू नका. तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. लालचा आकडा वेगळा असतो, त्याला आर-नऊ म्हणतात. तो विचारा. आपल्या नवरीचं कुंकू, शालू, चुडा सगळं त्या लालवरच आहे.

दुकानात स्वतःचा कॅमेरा, पुडीभर हळद-कुंकू आणि एखादी लाल साडी घेऊन जा. पॅनेल 10 टक्क्यांवर आणून स्लो मोशन काढा, पट्टे दिसले तर ते पॅनेल घेऊ नका. पंखा किती आवाज करतो तेही ऐका, गाण्यात चालेल, मुलाखतीत नाही. दुरुस्ती जळगावात होते की पॅनेल मुंबईला पाठवावं लागतं, हे पावतीवर लिहून घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा बॅटऱ्या गाडीत ठेवू नका. आणि पुढच्या गाण्याचं कोटेशन देताना 'लाइट भाडे' ही ओळ वेगळी लिहा. पॅनेल तुमचं झालं म्हणून ती ओळ गाळलीत, तर दीड वर्षाचा हिशेब अडीच वर्षांच्याही पुढे जाईल.